पॉइंटांची अदलाबदल : लाभ कोणाला आणि केव्हा?

एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

आमचे गाव रेडी. वेंगुर्ले तालुक्यातले, गोव्याच्या हद्दीला खेटून वसलेले. एका अंगाला लोहखनिजाच्या खाणींची तांबडी माती, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मध्ये माडा-पोफळीच्या बागा. झाडीत हरवलेला यशवंतगड आहे. १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती आहे. आणि गावाबाहेर पडून थोडे दक्षिणेला गेले की तेरेखोलचा किल्ला आहे. सुटी घालवायला बाहेरचे लोक आमच्याकडे येतात. अशा गावच्या माणसाने सुटी घालवण्यासाठी साडेतीन लाखांहून अधिक रुपये मोजावेत, ही गोष्ट वाचकांना विनोदी वाटेल. पण माझ्या सख्ख्या काकांनी तसे केले, आणि त्यातूनच हा लेख जन्माला आला.

काका मुंबईत नोकरीला होते. २०१८ साली निवृत्त होण्याच्या सुमारास त्यांनी एका मोठ्या दुकानात सहज एक कूपन भरले. आठवड्याभराने फोन आला, "तुम्हांला बक्षीस लागले आहे, सपत्नीक या." काका-काकी गेले. एका हॉटेलच्या दिवाणखान्यात चहा मिळाला, पडद्यावर बर्फाचे डोंगर दिसले, आणि चार तासांनी काका पंचवीस वर्षांच्या सभासदत्वावर सही करून बाहेर पडले. कंपनीचे नाव इथे देण्याचे कारण नाही. काकी मात्र आजही म्हणते, "त्या पैशांत घराची कौलां बदलून झाली असती!"

गेल्या वर्षी दिवाळीत आम्ही सगळे रेडीला जमलो असता काकांनी कागदांची पिशवी माझ्यापुढे टाकली. "झिला, तू अर्थशास्त्र शिकतंस मां? मगे ह्यो हिशोब करून दाखय." प्रश्न असा होता : काकांच्या खात्यावर पॉइंट शिल्लक होते आणि मार्चअखेर ते बुडणार होते. त्या पॉइंटांच्या बदल्यात दुसऱ्या एखाद्या ठिकाणी राहण्याची सोय होत होती, मात्र त्यासाठी आणखी पैसे भरावे लागणार होते. ही अदलाबदल करावी की करू नये? तो हिशोब करताना जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवत आहे.

पाळीचे तत्त्व

'टाइमशेअर' हा शब्द परका असला तरी त्यामागची कल्पना कोकणी माणसाला परकी नाही. आपल्याकडे देवळातल्या पूजेच्या पाळ्या असतात. बागेच्या शिंपणासाठी सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या असतात. भाऊबंदांच्या सामाईक घरात कोणी कोणत्या वर्षी गणपती पुजायचा, हेही काही घराण्यांत ठरलेले असते. वस्तू एक, मालक अनेक, आणि प्रत्येकाच्या वाट्याला काळाचा एक तुकडा. टाइमशेअर म्हणजे हीच पाळी, फक्त पैसे देऊन विकत घेतलेली. डोंगरावरच्या किंवा समुद्रकाठच्या एका निवासाचे बावन्न आठवडे बावन्न कुटुंबांना विकायचे, आणि देखभालीचा खर्च दरवर्षी सर्वांकडून वर्गणीने गोळा करायचा, असे तिचे मूळ रूप.

युरोपात १९६० च्या दशकात ही पद्धत सुरू झाली. स्वित्झर्लंडमधील हापीमाग ही संस्था १९६३ साली निघाली. पुढे अमेरिकेत फ्लॉरिडामध्ये न खपलेल्या सदनिका आठवड्या-आठवड्याने विकण्याची युक्ती लोकप्रिय झाली. भारतात स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स ही कंपनी १९८६ साली, तर महिंद्र हॉलिडेज ही १९९६ साली स्थापन झाली. आज मराठी मध्यमवर्गीय घरांत 'आमचे क्लबचे सभासदत्व आहे' हे वाक्य ऐकू येते, त्याचा उगम हा असा आहे.

आठवड्याचे पॉइंट कसे झाले?

पाळीत एक अडचण असते. पाळी आली, पण आपण आजारी असलो किंवा गावाला गेलो, तर काय? देवळाच्या पाळीत आपण भावाला सांगतो, "यंदा माझी तू कर, पुढच्या वर्षी तुझी मी करीन." टाइमशेअरमध्येही हीच गरज निर्माण झाली. दरवर्षी त्याच गावी, त्याच आठवड्यात जाऊन माणसाला कंटाळा येतो. ही गरज ओळखून १९७४ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे आरसीआय ही अदलाबदल करून देणारी संस्था निघाली. १९७६ साली इंटरव्हल इंटरनॅशनल ही दुसरी आली. आरसीआयशी आज जगभरातील हजारो निवासस्थाने जोडलेली आहेत.

सुरुवातीला आठवड्याच्या बदल्यात आठवडा असा व्यवहार होता. पण सगळे आठवडे सारखे नसतात, हे आम्हां रेडीकरांना कोणी सांगायला नको. मे महिन्यात किंवा गणपतीत कोकणात येणाऱ्या गाडीचे तिकीट मिळवणे म्हणजे दिव्य. जुलैच्या मुसळधार पावसात त्याच गाडीत पाय पसरून बसता येते. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, आमच्या गणपतीपुढे रांग लागते; आषाढातल्या साध्या मंगळवारी पुजारी आणि पाऊस एवढेच असतात. तेव्हा जुलैचा आठवडा देऊन मे महिन्याचा आठवडा मागणाऱ्याला कोण उभे करील? म्हणून आठवड्यांना भाव लावण्याची गरज पडली. पॉइंट म्हणजे हा भाव. हंगाम, खोलीचा आकार, ठिकाणाची मागणी यांवरून प्रत्येक रात्रीला पॉइंट ठरतात, आणि सभासदाला दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळतात.

काकांच्या करारात वर्षाला ७० पॉइंट होते. एका रात्रीला मंदीच्या हंगामात ७, मधल्या हंगामात १० आणि गर्दीच्या हंगामात २० पॉइंट लागत. म्हणजे तेच ७० पॉइंट पावसाळ्यात दहा रात्री देतात, फेब्रुवारीत सात रात्री देतात, आणि दिवाळीत किंवा मे महिन्यात तीन रात्री देऊन दहा पॉइंट हातात उरवतात. विक्रीच्या वेळी 'वर्षाला दहा रात्रींपर्यंत' असे सांगितले गेले होते. ते खोटे नव्हते. पण त्या दहा रात्री कोणत्या, हे ऐकण्याइतके भान त्या दिवाणखान्यात काकांना उरले नव्हते.

अदलाबदल चालते कशी?

आपण आपले पॉइंट किंवा आपला आठवडा अदलाबदलीच्या संस्थेकडे ठेवतो. ती ते एका मोठ्या सामाईक कोठारात जमा करते. दुसऱ्या कोणी ठेवलेल्या आठवड्यांतून आपण आपल्याला हवा तो मागतो. मिळाला तर अदलाबदलीचे शुल्क भरायचे, आणि जायचे. शिवाय या संस्थेचे वार्षिक सभासदत्व बहुधा वेगळे असते.

इथे एक मर्म आहे, आणि तेच बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कोठारात नवीन काहीच निर्माण होत नाही. दुसऱ्याने जे सोडले तेच आपल्याला मिळते. आणि माणूस चांगला आठवडा सहसा सोडत नाही. ज्याच्याकडे डिसेंबरअखेरचा गोव्यातला आठवडा आहे, तो स्वतः तिथे जातो किंवा भावा-बहिणींना पाठवतो. त्यामुळे कोठारात मधल्या आणि मंदीच्या हंगामाचे आठवडेच अधिक साठतात. शाळा-कॉलेजच्या वेळापत्रकाला बांधलेल्या कुटुंबाला जे हवे असते, नेमके तेच तिथे दुर्मीळ असते. उलट ज्याला केव्हाही जाता येते, जो आठ-दहा महिने आधी मागणी नोंदवतो, आणि ज्याला 'हेच गाव हवे' असा हट्ट नसतो, त्याच्यासाठी हे कोठार भरलेले असते. आठवड्यांच्या पद्धतीत जो आपला आठवडा लवकर जमा करतो, त्याची मागणीची ताकदही अधिक धरली जाते.

काकांनी आधी नातवंडांसाठी मे महिन्यातले सिमला मागितले होते. ते मिळाले नाही. मग फेब्रुवारीतले मुन्नार मागितले. ते आठवड्यातच मिळाले.

एका अदलाबदलीचे तीन हिशोब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काकांच्या कागदांवरचे आकडे मी गोल करून देतो. सभासदत्वासाठी दिलेली रक्कम ३,६०,००० रुपये. वार्षिक देखभाल वर्गणी १८,००० रुपये. अदलाबदलीचे शुल्क, कर धरून, १२,००० रुपये. मुन्नारला फेब्रुवारीत तशाच प्रतीची खोली बाहेरून भाड्याने घेतली तर रात्रीला ४,००० रुपये, म्हणजे सात रात्रींचे २८,००० रुपये. प्रवास आणि जेवणखाण दोन्ही परींनी सारखेच, म्हणून ते तुलनेत धरत नाही.

पहिला हिशोब चालू वर्षाचा. यंदाची वर्गणी काकांनी भरून टाकली होती. ती परत मिळणार नव्हती. सभासदत्वाची रक्कमही गेलेली. तेव्हा काकांच्या खिशातून नव्याने जाणारे पैसे फक्त १२,०००, आणि त्याबदली मिळणारी वस्तू बाजारात २८,००० ची. १६,००० चा फायदा. अदलाबदल करावी.

दुसरा हिशोब पुढच्या वर्षाचा. पुढची वर्गणी अजून भरलेली नाही, आणि काकांच्या करारात सभासदत्व सोडून देण्याचे कलम आहे. म्हणजे ती वर्गणी वाचवता येते. तेव्हा नव्याने जाणारे पैसे १८,००० अधिक १२,०००, म्हणजे ३०,०००. मिळणारी वस्तू तीच, २८,००० ची. दोन हजारांचा तोटा. अदलाबदलीसाठी सभासदत्व चालू ठेवू नये.

तिसरा हिशोब आज जो नव्याने सभासद होऊ पाहतो आहे त्याचा. त्याच्या हातात ३,६०,००० रुपये अजून आहेत. ते बँकेत ठेवले आणि सहा टक्के व्याज धरले, तर वर्षाला २१,६०० रुपये येतात आणि मुद्दल शाबूत राहते. तेव्हा त्याचा वर्षाचा खर्च २१,६०० अधिक १८,००० अधिक १२,०००, म्हणजे ५१,६०० रुपये. मिळणारी वस्तू पुन्हा तीच, २८,००० ची. अदलाबदलीच्या आशेने त्याने सभासद होऊ नये, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

पाहा, मुन्नार तेच, खोली तीच, फेब्रुवारी तोच. पण उत्तरे तीन. कारण प्रत्येक वेळी 'अजून हातात असलेला रुपया' वेगळा आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात याला बुडीत खर्चाचे तत्त्व म्हणतात. गेलेला पैसा निर्णयात धरायचा नसतो. काका मात्र नेमका तोच धरत होते. "साडेतीन लाख घातले आहेत, ते वसूल करायला नकोत का?" हे त्यांचे पालुपद. गेलेल्या साडेतीन लाखांच्या वसुलीसाठी दरवर्षी तीस हजार घालणे म्हणजे विहिरीत पडलेला तांब्या काढण्यासाठी कळशी टाकण्यासारखे आहे.

दुसरी बाजू

एवढे सांगून थांबलो तर लेख एकांगी होईल. सभासदत्व फायद्याचे ठरलेली कुटुंबेही असतात. काकांनाच कंपनीच्या स्वतःच्या निवासात मधल्या हंगामात दरवर्षी सातही रात्री राहायचे असते, तर अदलाबदलीचे शुल्क लागले नसते. १८,००० मध्ये २८,००० चे राहणे झाले असते. ज्यांचे मूळ पैसे आधीच भरून झाले आहेत आणि जे दरवर्षी न चुकता जातात, त्यांनी सभासदत्व ठेवावे, हेच शहाणपणाचे. अदलाबदलीचेही तसेच. जिथे खोल्यांचे भाडे फार चढे आहे, अशा परदेशी शहरात पाच माणसांच्या कुटुंबाला स्वयंपाकघरासह घर मिळत असेल, तर शुल्क भरूनही बचत मोठी होते. म्हणजे अदलाबदल करायची तर महागड्या ठिकाणासाठी. जिथे रात्रीला दीड-दोन हजारांत चांगली खोली मिळते, तिथे पॉइंट खर्चणे हा निव्वळ अपव्यय.

पण काकांचे आयुष्य त्या चौकटीत बसत नव्हते. नातवंडे पुण्याला, त्यांना सुटी मे महिन्यात आणि दिवाळीत, आणि त्या काळात ७० पॉइंटांच्या तीनच रात्री. बाकीच्या दिवसांत बाग शिंपायची, सुपारी काढायची, गणपतीची तयारी करायची. काकीचे गुडघे दुखतात. दरवर्षी सात रात्री घराबाहेर राहणे त्यांना जमणारे नव्हते. वर्षाआड जायचे म्हटले, तर दोन वर्षांची वर्गणी ३६,००० होते. साठलेल्या पॉइंटांत चौदा रात्री मिळतात खऱ्या, पण नको असलेल्या रात्रींची किंमत शून्यच धरावी लागते.

आणखी एक गोष्ट. वर्गणी स्थिर नसते, ती वाढते. दरसाल पाच टक्के वाढ धरली, तर आजची १८,००० ची वर्गणी पंचविसाव्या वर्षी सुमारे ५८,००० होते. त्या वेळी काका नव्वदीच्या घरात असतील.

सही करण्यापूर्वी

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील उद्या निवृत्त होतील, आणि त्यांनाही असा फोन येईल. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, 'आजच सही केली तर सवलत' असे कोणी म्हटले की उठून घरी यावे. चांगला व्यवहार दुसऱ्या दिवशीही चांगलाच असतो. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार तिथे टाइमशेअरच्या ग्राहकाला सही केल्यावर चौदा दिवसांत कारण न देता करार मोडता येतो, आणि त्या मुदतीत त्याच्याकडून आगाऊ पैसेही घेता येत नाहीत. आपल्याकडे कराराच्या कागदातच जी काही मुदत दिली असेल तीवर भिस्त. म्हणून ते कलम आधी शोधावे.

दुसरी, अदलाबदल हा कंपनीचा हक्काचा शब्द आहे की 'उपलब्धतेनुसार' आहे, हे पाहावे. 'उपलब्धतेनुसार' या एका शब्दात सगळे सिमला विरघळून जाते. तिसरी, पॉइंट किती वर्षे साठवता येतात, वर्गणी कोणत्या प्रमाणात वाढू शकते, आणि सभासदत्व सोडल्यास किती वजावट होते, ही तीन उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत.

चौथी, फसवणूक झालीच तर गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मुंबई-दिल्लीच्या कंपनीसाठी तिथे जावे लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. एकतर्फी, अन्याय्य कराराची व्याख्याही या कायद्यात आहे. काकांच्या बाबतीत ही दोन वर्षे केव्हाच उलटून गेली होती. म्हणूनच हे मुद्दाम लिहिले.

शेवटी काय झाले?

पहिल्या हिशोबाप्रमाणे काकांनी १२,००० रुपये भरले. फेब्रुवारीत दोघे मडगावहून रेल्वेने एर्नाकुलमला आणि तिथून मोटारीने मुन्नारला गेले. काकी तोवर माहेर, सासर आणि मुंबई यांपलीकडे कुठे गेली नव्हती. चहाचे मळे तिला फार आवडले. "आमच्या डोंगराक कोणी असा नीट भांग पाडूक नाय," असे तिचे मत पडले. चौथ्या दिवशी तिथल्या एका तरुणाने दोघांना चहाला बोलावले, आणि आणखी दीड लाख भरल्यास मे महिन्याच्या रात्री वाढवून देण्याची योजना समजावली. काका ऐकत राहिले. काकी म्हणाली, "आमका दारातच समुद्र आसा. तुमी येवा आमच्याकडे, पैशे घेवचो नाय." तो तरुण हसला आणि त्याने कागद आवरले.

दुसऱ्या हिशोबाप्रमाणे काकांनी मार्चमध्ये सभासदत्व सोडण्याचा अर्ज दिला. वजावट होऊन जे परत आले ते थोडेच होते; पण पुढची वर्गणी थांबली. आलेल्या पैशांत पावसाआधी घराच्या पडवीची कौले बदलली.

आणि अदलाबदल? ती सुरूच आहे. काकांचे मुंबईतले एक जुने सहकारी आता नाशिकला राहतात. मे महिन्यात ते सहकुटुंब आठ दिवस रेडीला आले. आंबे-फणस खाल्ले, रोज समुद्रावर गेले, यशवंतगड चढले. येत्या हिवाळ्यात काका-काकी नाशिकला त्यांच्याकडे जाणार आहेत. या व्यवहाराला पॉइंट नाहीत, शुल्क नाही, आणि मुदतही नाही. अर्थात प्रत्येकाला असा मित्र नसतो, आणि मित्राचे घर म्हणजे काही हॉटेल नव्हे, हे मी जाणून आहे. ज्याला मोकळीक हवी त्याने खुशाल भाड्याची खोली घ्यावी, आणि ज्याचा हिशोब बसतो त्याने पॉइंट बदलावेत. फक्त बदलण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : गेलेले पैसे सोडून, अजून माझ्या हातात असलेले किती रुपये मी यात घालतो आहे, आणि तेवढ्याच रुपयांत तीच खोली, त्याच आठवड्यात, मला बाहेर मिळते की नाही?

काकांना हा प्रश्न सात वर्षे उशिरा सुचला. वाचकांना तो सहीच्या आधी सुचावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.